चिलगोजा एवढा महाग का? आणि इंदूरच्या गच्चीवर येईल का?

रामबागची_स्नेहा
मंडळी, एक सरळ प्रश्न आहे आणि एक वेडा.

सरळ प्रश्न: चिलगोजा एवढा महाग का असतो? काजू, बदाम, पिस्ते सगळे एकीकडे आणि हा एकटा भलत्याच भावात. मारोठिया बाजारात विचारलं तर दुकानदार आधी आपल्याकडे वरून खाली बघतो, घेणारं गिऱ्हाईक आहे की नुसतं विचारणारं याचा अंदाज घेतो आणि मग भाव सांगतो, तोही शंभर ग्रॅमचा, किलोचा सांगायची त्यालाच लाज वाटत असावी.

वेडा प्रश्न: धाकटे दीर हिमाचलातल्या किन्नौरला बाइकवर जाऊन आले, येताना चिलगोज्याचा अख्खा शंकू घेऊन आले. वीतभर लांब, जड, डिंकाने नुसता चिकचिकीत. खवल्यांच्या आत बिया आहेत, कच्च्या, न भाजलेल्या. सासूबाईंनी जाहीर केलंय की यातल्या अर्ध्या गच्चीवर कुंडीत लावायच्या. त्यांच्या हाताला गुण आहे हे खरं, पण हे डोंगरातलं झाड सुदामा नगरात येईल का? गच्चीवर दिवसभर ऊन असतं. कोणी लावलंय का?

खजूरीबाजार_भिया
येईल ना ताई. फक्त गच्चीवर एसी बसवा आणि बिल सासूबाईंच्या नावाने येऊ द्या.

कुंतल_आर
चिलगोजा म्हणजे देवदाराचंच फळ ना?

बॉटनीवाली_बाई
नाही हो कुंतल. देवदार वेगळा, त्याचे शंकू फांदीवर उभे असतात नि पिकले की जागच्या जागी सुटे होऊन झडतात. चिलगोजा हा पाइन, म्हणजे चीडच्या गोतातला. शास्त्रीय नाव पायनस जेरार्डियाना. आणि नेहमीचा जो चीड आपण मसुरी-नैनितालला बघतो तो पायनस रॉक्सबर्घी, त्याच्याही बिया खातात पण त्या बारक्या, कोणी त्यासाठी हजारो रुपये मोजणार नाही. सुया दोघांच्याही तीन-तीनच्या जुडग्यात. ओळखायचं असेल तर साल बघायची. स्नेहा, वेड्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, जरा पोळ्या आटपून येते.

सियागंजचा_नातू
सरळ प्रश्नाचं मी सांगतो. घरात सियागंजला किराण्याचा ठोक धंदा होता, आता काका बघतात, मी नोकरीत आहे पण कान तिकडेच असतात.

पहिली गोष्ट, माल मुळात कमी. आपल्या देशात हे झाड किन्नौर, चंब्यातलं पांगी-भरमौर आणि जम्मूकडे किश्तवाड-पाडर एवढ्याच पट्ट्यात आहे. बाकी सगळं अफगाणिस्तानाचा पूर्व भाग आणि पाकिस्तानात झोब-शेरानी, चित्राल, दियामेरकडे. म्हणजे आपल्या बाजारात येणारा बराचसा माल सीमेपलीकडून येतो आणि सीमेवर काय चालू असतं ते मी सांगायला नको. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटी लागली, २०२५ च्या एप्रिलात अटारीचं सीमेवरचं नाकं बंद झालं, मग अफगाणी ट्रक अडकले, थोडे सोडले, असा कारभार. प्रत्येक वेळी भाव वर जातो आणि खाली येताना मात्र विसरतो.

दुसरी गोष्ट चीन. २०१८ ला काबूलहून चीनला थेट विमानाने चिलगोजा जायला लागला. मधे सरकार पडलं, तालिबान आलं, तरी २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा विमान भरून माल शांघायला गेला. तिकडचं गिऱ्हाईक आपल्यापेक्षा जास्त पैसे मोजतं. मग आपल्या मारोठियातला शेटजी तुम्हाला वरून खाली बघणार नाही तर काय करणार.

तात्या_तिलकनगर
हे सगळं ठीक आहे पण आमच्या लहानपणी आजोबा थंडीत कोटाच्या खिशात चिलगोजे घालून राजवाड्यावर चक्कर मारायचे. श्रीमंत नव्हते, मास्तर होते. आता जो भाव झालाय तो निव्वळ दलालांनी केलाय. झाड तेच, डोंगर तोच, बी तेच. सरकारने मनावर घेतलं तर पाच वर्षांत लागवड करून काजूसारखं स्वस्त करता येईल, पण इच्छाशक्ती पाहिजे ना.

अनुजा_लोकमान्यनगर
तात्या, तुमच्या प्रत्येक धाग्यावर इच्छाशक्ती कमी पडते 😄

तात्या_तिलकनगर
कारण प्रत्येक विषयात ती कमीच पडून राहिली आहे.

भटक्या_मोरू
किन्नौर निघालंय तर थोडं लिहितो, लांब होईल, कंटाळा आला तर पुढे जा.

वांगतूपर्यंत डोंगर हिरवे, ओले, आपण फोटोत बघतो तसे. वांगतू ओलांडलं की हवा कोरडी होत जाते आणि रिकांग पिओला पोचेपर्यंत चित्रच बदलतं. पाऊस तिकडे फार पोचत नाही, ओल असते ती बर्फाची. पिओवरून कल्प्याला चढत गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिलगोजा. उंची साधारण १८०० ते ३३०० मीटर, त्या पट्ट्यात. कल्पा तीन हजाराच्या जरा खाली, समोर किन्नर कैलास, आणि मधल्या उतारांवर जिथे माती नावालाही दिसत नाही तिथे खडकाच्या फटीतून ही झाडं उभी.

साल बघण्यासारखी असते. जुनी साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली वेगळाच रंग निघतो, मग खोडावर राखाडी, हिरवट, पांढरट असे डाग पडतात, लष्कराच्या वर्दीवर असतात तसे. मी हात लावून पाहिलं, गुळगुळीत लागते. चीडची जाड भेगाळ साल डोक्यात ठेवून गेलो तर पहिल्यांदा हे पाइन आहे यावर विश्वासच बसत नाही.

तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. शंकू उघडायच्या आत काढावा लागतो, उघडला की बिया पाखरं नेतात. गावातला माणूस झाडावर चढतो, हातात लांब काठी, टोकाला आकडी किंवा कोयता, आणि फांदीच्या टोकाचा शंकू ओढून पाडतो. खाली काय आहे? थेट सतलज. मी खालून बघत होतो आणि माझ्याच पोटात गोळा येत होता. खाली बायका शंकू गोळा करत होत्या, हात डिंकाने काळे, एकीने हसत सांगितलं की साबणाने काही होत नाही, तेल चोळावं लागतं. मग ते शंकू ढीग घालून झाकून ठेवतात, ते मऊ पडले की उन्हात उघडतात, मग झोडपून, ठोकून एकेक बी काढायचं. एका शंकूला किती मेहनत हे बघितल्यावर भाव ऐकून शिवी येत नाही.

तिकडे याला नेओजा म्हणतात. लग्नात किंवा पाहुणा आला की नेओज्याची माळ घालतात गळ्यात, एकेक बी दोऱ्यात ओवलेलं. आपल्याकडे हार दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जातो, तिकडे पाहुणा हार खात खात घरी जातो.

खजूरीबाजार_भिया
लग्नात चिलगोज्याचा हार! आजच्या भावाने नवरदेवाला गळ्यात एफडी घातली म्हणायची. मोरू भाऊ, किन्नौरला कोणी लग्नाळू मुलगी असेल तर कळवा, आमचा एक भाचा आहे.

अनुजा_लोकमान्यनगर
मोरू, फोटो टाका ना सालीचे. लिहिलंय मस्त.

बॉटनीवाली_बाई
आले. पोळ्या झाल्या.

स्नेहा, आधी तुमच्या गच्चीचं. बी उगवेल, उगवणारच नाही असं मी म्हणत नाही. पण लक्षात घ्या, बाजारातला चिलगोजा बहुतेक भाजलेला असतो, तो पेरून काही उपयोग नाही. तुमच्याकडे शंकूतला कच्चा आहे म्हणून आशा. त्या बियांना थंडीची सवय असते, ओलसर वाळूत घालून फ्रीजमध्ये महिनाभर तरी ठेवा, मग पेरा. फार दिवस ठेवू पण नका, या बियांची उगवणशक्ती लवकर जाते. खोल कुंडी लागेल कारण रोप वर दोन बोटं वाढायच्या आत मूळ सरळ खाली धावतं.

पुढे काय होईल ते सांगते. झाडाला हवी कोरडी थंडी, हिवाळ्यात बर्फ, निचरा होणारी खडकाळ जमीन. आपण आहोत साडेपाचशे मीटरवर, मे महिन्यात बेचाळीस, आणि त्यावरून ताण म्हणजे जुलै-ऑगस्टचा पाऊस. मोरूने लिहिलंय तेच खरं कारण आहे, ते झाड पावसाच्या सावलीतलं आहे. लोक समजतात डोंगरातल्या झाडाला आपलं ऊन मारेल. उन्हातून ते एखादवेळी वाचेलही पण आपल्या पावसाळ्यात मुळं कुजून जाईल, आणि काळ्या मातीत लावलं तर नक्कीच. लावायचंच असेल तर जाड वाळू, विटांचा चुरा, थोडंसं शेणखत, काळी माती शून्य, पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली.

आता तात्यांच्या इच्छाशक्तीबद्दल. तात्या, पाच वर्षांत चिलगोज्याचं रोप गुडघ्याला लागलं तरी पेढे वाटा. फळाला यायला वीसेक वर्षं तरी जातात. शंकू धरल्यावर पिकायला दुसऱ्या वर्षीचं शरद उजाडतं. आणि दरवर्षी पीक सारखं नसतं. काजूशी तुलनाच होत नाही, काजू चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देतो. किन्नौरच्या शेतकऱ्याला विचारा, तो सफरचंद लावेल की चिलगोजा? त्याने सफरचंदच लावलंय, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. चिलगोजा शेतात आहेच कुठे, सगळा रानातून येतो.

आणि त्या रानात नवी रोपं फार कमी दिसतात, खरी गोम तिथे आहे. चीडच्या बीला मोठा पंख असतो, वाऱ्याने उडत जातं. चिलगोज्याच्या बीचा पंख अगदी आखूड, तो खवल्यालाच चिकटून राहतो, बी वजनदार, उडणार कुठून. ते पसरवतो नटक्रॅकर, कावळ्याच्या कुळातला पक्षी. तो बिया नेऊन जमिनीत पुरून ठेवतो, काही खातो काही राहून जातात, त्यातून झाड येतं. आता माणसाने सगळेच शंकू बंद असताना काढले तर पाखराला काय नि जमिनीला काय? त्यात घाईत फांदीच तोडली तर तिच्यावर पुढच्या वर्षीचे बारके शंकू असतात ते पण गेले. त्यात शेळ्या-मेंढ्या उगवलेलं खुडतात. म्हणून ही जात आंतरराष्ट्रीय यादीत ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या गटात घातलेली आहे.

तात्या_तिलकनगर
बाई, मी शिक्षकाचा नातू, मास्तरांपुढे बोलत नाही. पण मग वनखात्याने रोपं करून रानात लावायची. वीस वर्षं तर वीस वर्षं. आज लावलं असतं तर... १९८० ला लावलं असतं तर आज खाल्ले असते की नाही?

बॉटनीवाली_बाई
हे बरोबर बोललात. प्रयत्न आहेत, शिमल्याच्या हिमालयन वन संशोधन संस्थेने रोपवाटिकेत कामही केलंय. पण रोप लावल्यावर पहिली काही वर्षं गुरांपासून राखायला माणूस लागतो आणि उतार असे की कुंपण घालणाराच घरंगळेल.

सियागंजचा_नातू
दलालांवर तात्या बोलले त्यात थोडं तथ्य आहे, ते सोडून देऊ नका. किन्नौरात गावांचे हक्क आहेत, रान सरकारी असलं तरी चिलगोजा काढायचा हक्क गावकऱ्यांचा. काही गावं स्वतः मिळून काढतात, तारीख ठरवतात, वाटणी करतात. काही गावं ठेकेदाराला देऊन टाकतात एकरकमी. ठेकेदाराचा मजूर बाहेरचा, त्याला या वर्षीचा माल पाहिजे, पुढच्या वर्षी तो येणार की नाही कोणाला ठाऊक. फांदी कोण जास्त तोडेल ते तुम्हीच समजून घ्या. दलाल नडतो तो भावापेक्षा तिथे.

भटक्या_मोरू
+१. ज्या गावात मी राहिलो तिथे लोक स्वतः काढत होते आणि घरमालक सांगत होता की शेंड्याकडचे थोडे आम्ही ठेवतो. खरंच ठेवतात की शेंड्यावर चढवत नाही म्हणून राहतात ते देव जाणे, पण राहतात.

वडोदऱ्याची_वर्षा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच धाग्यात बसेल. मुलीने पेस्तो नावाचा हिरवा सॉस केला होता, त्यात पाइन नट्स घालतात. सोललेले पाकिटातले ऑनलाइन मागवलेले. छान लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून माझ्या तोंडाला अशी कडवट धातूची चव की चहा कडू, श्रीखंड कडू, पाणी पण कडू. ह्यांना वाटलं मी चहात काहीतरी घातलं. मी टूथपेस्ट बदलली, जिभेला मध लावला, शेवटी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पित्ताची गोळी दिली. जवळपास आठवडाभराने आपोआप गेलं. मुलीने मग शोधून सांगितलं की हे पाइन नटमुळे होतं. खरंच असं असतं का? आणि चिलगोज्याने पण होतं का, कारण मी तेव्हापासून हातच लावत नाही.

डॉ_अपर्णा
वर्षाताई, असतं. त्याला इंग्रजीत पाइन माउथ म्हणतात. खाल्ल्यावर लगेच नाही, बारा तास ते दोन दिवसांनी सुरू होतं, म्हणून कोणाला संबंध लागत नाही आणि काल काय खाल्लं हे आठवेपर्यंत टूथपेस्ट बदलून होते. काही दिवस ते दोन आठवडे राहतं, काही खाल्लं की जास्त जाणवतं, आपोआप जातं, औषध लागत नाही. अ‍ॅलर्जी वेगळी, तिच्यात घशाला खाज, अंगावर गांधी, धाप, आणि ती लगेच येते, तेव्हा मात्र धावत दवाखाना गाठायचा.

संशय आहे तो चीनकडच्या पायनस आर्मंडी नावाच्या जातीच्या बियांवर, त्या कधीकधी खायच्या पाइन नट्समध्ये मिसळून येतात. सोललेले, बुटके, एका टोकाला निमुळते असे दाणे असतात. आपला चिलगोजा वेगळ्या जातीचा, सालासकट मिळतो, लांब सडपातळ, जवळपास दोन सेंटिमीटर. तुम्हाला खायला हरकत नाही असं मला वाटतं, पहिल्यांदा दोनचारच खाऊन बघा.

वडोदऱ्याची_वर्षा
धन्यवाद डॉक्टर! ह्यांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. चहात काही नव्हतं हे आता लेखी आलं.

खजूरीबाजार_भिया
डॉक्टर, ते “दोनचारच” तुम्ही प्रकृतीसाठी सांगितलं की खिशासाठी?

डॉ_अपर्णा
दोन्हीसाठी. निम्म्याच्या आसपास चरबी असते, चांगली असली तरी चरबीच. सराफ्यात रबडी-जिलेबी झाल्यावर वरून “ड्रायफ्रूट तब्येतीला चांगलं” म्हणून मूठभर चिलगोजे खाणाऱ्यांसाठी हे खास.

वैद्य_देशमुखवाडी
चरकाने बदाम, अक्रोड यांच्या जोडीने निकोचक सांगितलाय, गुण गुरु, उष्ण, स्निग्ध, बल देणारा. पुष्कळ वैद्य निकोचक म्हणजे चिलगोजा धरतात, काही पिस्ता धरतात. काहीही धरलं तरी पचायला जड, थंडीतच खावा, दुधासोबत थोडा. मे महिन्यात खाऊन मग अंगावर उष्णता आली म्हणून माझ्याकडे येऊ नये.

अनुजा_लोकमान्यनगर
अवांतर: डिंकाच्या लाडवात चिलगोजा घालतात का कोणी? माझ्या जाऊबाई घालतात.

तात्या_तिलकनगर
जाऊबाईंचे मिस्टर कुठल्या खात्यात आहेत?

रामबागची_स्नेहा
😂😂 तात्या!!
लाडवात घालणं म्हणजे वाया घालवणं आहे अनुजा. डिंक, खारीक, खोबरं यांच्या गर्दीत त्याची चव लागतच नाही. चिलगोजा नुसता खायचा, एकेक, नखाने टोक मोडून. दाणा निघाला की आधी बघायचा, हस्तिदंती रंगाचा, मग दाताखाली. लोण्याचा नि थोडा डिंकाचा वास एकदम येतो. इकडे दुधाच्या शिकंजीवर पण घालतात कोणी कोणी, तिथेही मला वायाच वाटतं.

सियागंजचा_नातू
घेताना एक बघा. दाणा पिवळट पडला असेल, फोडल्यावर जुन्या तेलाचा वास आला तर गेल्या वर्षीचा माल आहे. मागच्या वर्षी एका दुकानातून घरी आणलेला अर्धा असाच निघाला, परत द्यायला गेलो तर म्हणे साहेब याची चव अशीच असते. ज्याच्या घरात ठोक धंदा होता त्याला सांगून राहिला! नवा माल ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरात येतो, घाई नसेल तर दिवाळीनंतर घ्या. आणि दुकानातच एक फोडून खाऊन बघा. तो तोंड वाकडं करेल, करू द्या.

ग्राझचा_मंदार
ऑस्ट्रियाहून रामराम. मूळचा रामबागचा. इकडे चिलगोज्याचा चुलतभाऊ आहे, त्सिर्बे म्हणतात, स्विस स्टोन पाइन, पायनस सेम्ब्रा. आल्प्समध्ये जिथे बाकीची झाडं संपतात त्या सीमेवर हा उभा, उणे चाळीसमध्ये पण त्याला काही होत नाही. सुया पाच-पाचच्या जुडग्यात. शंकू जांभळट, लहान, आणि गंमत म्हणजे तो पिकला तरी झाडावर उघडतच नाही, तसाच बंद खाली पडतो. बी बाहेर काढायला नटक्रॅकरच लागतो. बाईंनी लिहिलेला तोच प्रकार, इकडे सगळ्यांना तो पक्षी माहीत आहे, शरदात चोचीखाली पिशवी फुगवून बिया नेतो, हजारो ठिकाणी पुरतो आणि बर्फातून बऱ्याचशा परत शोधून काढतो. जिथे पुरलं नि विसरला तिथे झाड.

बिया खातात पण चिलगोज्यापेक्षा लहान, कवच टणक. इकडचे लोक बियांपेक्षा लाकडाचं कौतुक जास्त करतात, वास येतो त्याला, पलंग बनवतात, म्हणतात झोप छान लागते. आणि कोवळे शंकू दारूत घालून लालसर रंगाची दारू करतात. ती मी घेतली आहे. त्याबद्दल या धाग्यावर आई वाचत असल्याने अधिक लिहीत नाही.

खजूरीबाजार_भिया
काकू, मंदार म्हणतोय फक्त वास घेतला.

बॉटनीवाली_बाई
मंदार, उत्तम माहिती. एक फरक लक्षात ठेव, तिकडे त्सिर्बेच्या बिया गोळा करणं हा कोणाचा पोटापाण्याचा धंदा नाही. पाखराला वाटा आपोआप मिळतो. किन्नौरात चिलगोजा घराचा वर्षाचा खर्च भागवतो, तिथे पाखराच्या वाट्याला काय येणार.

कुंतल_आर
बायपासकडच्या फार्महाउसांत पाइन लावलेत ना पण, उंच, त्रिकोणी. ते कसे जगतात मग?

बॉटनीवाली_बाई
ते पाइन नाहीत, अरौकेरिया. दक्षिण गोलार्धातली झाडं, उष्ण हवा त्यांना चालते. ख्रिसमस ट्री म्हणून नर्सरीवाले विकतात. सुरूला पण लोक पाइन म्हणतात, तोही नव्हे.

तात्या_तिलकनगर
म्हणजे आमच्या कॉलनीच्या बागेतला “पाइन” पण नकली. पाटी बदलायला सांगतो. इच्छाशक्ती असेल तर बदलतील.

भटक्या_मोरू
एक वाईट गोष्ट लिहायची राहिली. २०२२ च्या मे महिन्यात पाकिस्तानात शेरानीच्या सुलेमान डोंगरात वणवा लागला होता, तिथे चिलगोज्याचं फार मोठं सलग रान आहे. दोन आठवड्यांच्या आसपास जळत होतं, आग विझवताना माणसं गेली, शेवटी इराणने मोठं विमान पाठवलं पाणी टाकायला. नातूने सीमा नि ड्युटीचं लिहिलं, पण हे पण त्यातच धरा. वीस वर्षांनी फळणारं झाड जळालं तर पुढच्या हंगामात त्याची भरपाई होत नाही. आपल्याकडे किन्नौरात पण वीजप्रकल्पांवरून गावांचं भांडण चालूच आहे, जंगी-थोपन प्रकल्पाविरुद्ध २०२१ ला पोरं रस्त्यावर आली होती, त्यांच्या म्हणण्यात चिलगोज्याचं रान पण होतं.

अनुजा_लोकमान्यनगर
हे वाचून मग खावा की न खावा तेच कळेना.

भटक्या_मोरू
खावा. गावाला पैसा मिळाला नाही तर रान राखायचं कारणच उरत नाही. फक्त जमलं तर गावाने स्वतः काढलेला घ्यावा. पिओच्या बाजारात बायका बसतात विकायला, सरळ त्यांच्याकडून.

सियागंजचा_नातू
मोरू भाऊ, म्हणजे शंभर ग्रॅम चिलगोज्यासाठी इंदूर ते पिओ. काकांना सांगतो, धंदा बंद करा.

गच्चीबाग_वैशाली
उशिरा आले. स्नेहा, बाईंनी सांगितलं त्यात एवढीच भर: फ्रीजमध्ये ठेवताना वाळू ओली चिंब नको, मुठीत दाबली तर पाणी गळायला नको, नाहीतर बुरशी धरते. पिशवी भाजीच्या कप्प्यात ठेव, फ्रीजरमध्ये नाही. आणि वर चिठ्ठी लाव, आमच्याकडे एकदा ह्यांनी अशीच बियांची वाळू “हे काय घाण” म्हणून फेकून दिली होती. पेरल्यावर उंदीर-खारीपासून जाळी लाव. खार सगळं उकरते. सुदामा नगरात खारी कमी नाहीत.

आशा ठेवू नको पण लाव. पानं दिसली तरी सासूबाईंना वर्षभराचा विषय मिळेल.

रामबागची_स्नेहा
मंडळी, सगळा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं असं: (१) “वीस वर्षांनी फळ येतं तर मी काय खायला लावून राहिले का, तुम्ही खा.” (२) पत्रा नको, पावसाळ्यात कुंडी जिन्यात ठेवू. (३) भिया कोण आहे, त्याचा भाचा काय करतो, त्यांच्या मैत्रिणीची भाची आहे.
वाळू चाळून ठेवली आहे. काही बिया फ्रीजमध्ये जातील, बाकीच्या आधीच आम्ही खाल्ल्या, कच्च्याच, छान लागतात, जरा जास्त डिंकाळ.

एक शेवटचं विचारते, दिवाळीनंतर थोडे घेणार आहे बाजारातून, ते साठवायचे कसे?

खजूरीबाजार_भिया
भाचा सीए करून राहिला आहे. पत्रिका पाठवतो.

सियागंजचा_नातू
साल काढू नका, सालासकटच ठेवा. सोललेला दाणा लवकर खवट होतो, तेल जास्त असतं ना. काचेची घट्ट झाकणाची बरणी, फ्रीजमध्ये, आणि जास्त दिवस ठेवायचे तर फ्रीजरमध्ये टाकले तरी चालतात. बाहेर ओट्यावर ठेवलेत तर आपल्या मार्चच्या उन्हातच वास यायला लागेल. काढले की बरणी लगेच उघडू नका, बाहेरच्या हवेला आली की मग उघडा, नाहीतर आत पाणी धरतं.

डॉ_अपर्णा
आणि लहान मुलं असतील घरात तर अख्खे दाणे हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. चारपाच वर्षांच्या आतल्यांना कुटूनच.

तात्या_तिलकनगर
कुटून. या भावात. बरं.